एका रात्रीत घेतलेला देश

३ ऑक्टोबर, वडसा

आज डोकं फिरलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

वामनरावांच्या कंपनीसाठी मी इतकी वर्षं नाटकं लिहीत आलो. झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात, गावोगाव नाटकं लागतात आणि होळीपर्यंत कंपनीची गाडी थांबत नाही. दर हंगामाला एक नवं नाटक लागतं. ते हा मुखरू खोब्रागडे लिहितो, बसवतो आणि पडद्याआड उभा राहून नटांना वाक्यंही पुरवतो. यंदा काय लिहिता, असं वामनरावांनी कधी विचारलं नाही. आता त्यांना धड चालवत नाही. ऑफिस त्यांच्या मुलाने, विक्कीने, ताब्यात घेतलं आहे. विक्की नागपूरला शिकून आला. काय शिकला ते अजून बाहेर आलेलं नाही.

त्याने मला समोर बसवलं, हातात मोबाईल दिला आणि म्हणाला, यंदाचं नाटक यातून काढा. मोबाईलमध्ये लढाईचा गेम. परकी फौज आपल्या देशावर येते. एका रात्रीत राजधानी पडते, सकाळी सगळा देश त्यांचा, आणि उरलेले पाच कमांडो तो परत मिळवतात. गावागावातली पोरं हेच खेळतात म्हणे, आणि पोरं नाटकाला येईनाशी झाली आहेत. त्यांना हवं ते दिलं नाही तर ती मंडईतल्या पाळण्यात जाऊन बसतील.

मी तो गेम तासभर पाहिला. मला फार नाही, दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या. ही फौज आली कुठून? समुद्रातून आली म्हणावं तर समुद्र इथून कुठे राहिला. आभाळातून उतरली म्हणावं तर एवढ्या माणसांच्या पोटाला कोण घालतं? डिझेल कुठलं? वाट कोणी दाखवली? विक्की म्हणाला, काका, गेममध्ये असं कोणी विचारत नसते. बरोबर आहे. विचारलं तर गेम पहिल्या मिनिटालाच बंद करावा लागेल.

पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. त्या गेममध्ये जंगलातलं एक गाव आहे. कवेलूच्या छपरांची घरं, बांबूचं कुंपण, विहीर, सगळं हुबेहूब. आणि गावात माणूस नाही. चूल पेटलेली नाही, कोंबडी नाही, खाटेवर म्हातारी नाही. अख्खा देश घेतला, पण त्या देशात कोणी राहतच नव्हतं. मग घेतला कोणाचा?

म्हातारी नाही, म्हणजे केसरबाईंना काम नाही. विक्कीच्या हे लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही. माझ्या लगेच आलं.

५ ऑक्टोबर

केसरबाई आमच्या कंपनीत आईचं काम करतात. तरुण होत्या तेव्हापासून आईचंच. नायक त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असायचा आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मरायचा. त्यांनी पदर डोळ्यांना लावला की बायकांची रांग उठायची, कोणी लुगडं आणायचं, कोणी बक्षीस द्यायचं. सावली गावाकडच्या आहेत, आमच्यातल्याच, बौद्ध. मुलगा सुनिल घुग्घुसला कोळशाच्या खाणीत पाळीवर जातो. तो सारखा मागे लागला आहे, की नाटक सोड आणि घरी येऊन नातवाला सांभाळ. ज्या हंगामात काम मिळणार नाही त्या हंगामात येते, असा शब्द त्यांनी त्याला मागच्या होळीला दिला.

आज त्यांच्या खोलीवर गेलो आणि गेमची गोष्ट सांगितली. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, मग यंदा जावं लागन. मी म्हणालो, कशाला जावं लागन, लिहिणारा मी आहे की विक्की?

त्या घुग्घुसला जावोत नाहीतर आणखी कुठे, माझं काय जातं. पण ज्या गळ्यासाठी मी वाक्यं लिहिली, तो गळा कोळशाच्या धुळीत नातवाच्या मागे हाका मारत फिरणार, हे मला सहन होत नाही. हा कलेचा प्रश्न आहे.

९ ऑक्टोबर

फौज कुठून आणावी, याच विचारात चार दिवस गेले. कंपनीची गाडी चालवणारा लालसू भामरागडकडचा माडिया आदिवासी आहे. त्याला विचारलं, की तुझ्या गावात परकी फौज उतरली तर? तो पोट धरून हसला. म्हणाला, पावसाळ्यात आमचाच माणूस आमच्या गावातून निघू शकत नाही, ते कुठी जातील? मग थोडा विचार करून म्हणाला, ते भात खातेत का? खात असतील तर कोणाचा?

मी हे विक्कीला सांगितलं. खाणंपिणं आणि वाट, एवढं तरी पटेल असं असावं म्हटलं. तो म्हणाला, लोकांना स्फोट पाहिजेत, हिशेब नको. मग आवाज चढले. मी म्हणालो, ज्याला शेंडा-बुडखा नाही असं मी आजवर काही लिहिलं नाही. त्यावर तो कार्टा शांतपणे म्हणतो कसा:

"काका, तुमच्या दर नाटकात मंडईत हरवलेला पोरगा वीस वर्षांनी भेटते, अन् माय त्याले खांद्यावरच्या तिळावरून ओळखते. तो तीळ कोणत्या हिशेबात बसते?"

ऑफिसातली सगळी हसली. पडदा ओढणारा पत्रूसुद्धा. मी उठून आलो. तिळाची आणि फौजेची तुलनाच होऊ शकत नाही. आईचं काळीज ही गोष्ट वेगळी आहे. ते त्या पोराला समजायचं नाही.

१७ ऑक्टोबर

काल धम्मचक्राच्या सोहळ्याला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन आलो. एवढ्या गर्दीतसुद्धा डोक्यात नाटकच होतं. परतताना बसमध्येच केसरबाईंचे तीन प्रवेश मनात पक्के झाले. परक्या फौजेने कमांडोला पकडलं आहे आणि त्याची म्हातारी आई छावणीच्या दाराशी येऊन रडते. तिन्ही प्रवेशांत रडते. शेवटच्या प्रवेशात पहारेकरीही रडतो.

आज ते त्यांना वाचून दाखवले. वाचताना माझाच आवाज दोनदा अडकला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानं नीट जुळवली आणि परत माझ्या हातात दिली.

"चांगलं लिहिलं, मुखरूभाऊ," म्हणाल्या. "पण माहं रडून झालं आता. मले तो परका सेनापती करू द्या."

मला वाटलं, चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. मी म्हणालो, असं कसं होईल? परक्या देशाचा सेनापती आणि तो साठीतली बाई? कोणाला पटेल? त्यांनी विचारलं, त्या मोबाईलमधले परके कोणत्या भाषेत बोलतात. मी म्हणालो, हिंदीत. मग ते पटते का, म्हणाल्या.

माझं टाळकं सरकलं. एकीकडे तो विक्की आणि आता या. मी बोललो, "लोक तुमाले माय म्हणूनच पाह्यतेत, केसरबाई. दुसऱ्या कामात तुमाले कोन पाह्यणार?"

 त्या म्हणाल्या, की सुनिलला फोन करते, दिवाळीआधी घेऊन जाईल. रागात बोललो असेन, पण खरं तेच बोललो. दुसरं कोणी त्यांना हे सांगणार नव्हतं.

२२ ऑक्टोबर

आज महिन्यात पहिल्यांदा हसलो.

आमची निम्मी गावं गडचिरोलीच्या आतल्या भागातली. तिथे जागोजाग पोलिसांचे कॅम्प. म्हणून विक्की नाटकाची परवानगी घ्यायला ठाण्यात गेला होता. साहेबांनी चहा दिला, कथा ऐकली आणि सांगितलं की नाटक करा, पण स्टेजवर हिरव्या चट्ट्यापट्ट्यांचे कपडे चालणार नाहीत आणि बंदूकही चालणार नाही, लाकडाचीसुद्धा नाही. लांबून कोणाचा गैरसमज झाला तर तुमचा नट जाईल. साहेबांचं काही चुकलं नाही. विक्कीने मात्र फौजेचे कपडे नागपूरहून आधीच मागवून ठेवले होते.

आता परकी फौज कशात आणायची? विक्कीने वडशाच्या बाजारातून काळे रेनकोट आणले. दुपारी रेनकोट घालून तालीम झाली. सगळे घामाने भिजले. नायकाचं काम करणारा सुरज म्हणाला, की हे देश घ्यायला आलेले वाटत नाहीत, पावसात भाताच्या रोवण्याला निघालेले वाटतात. माझं हसू थांबेना. विक्की माझ्यावर खेकसला. मी म्हणालो, अरे, तुझ्या फौजेचे कपडे काढले आणि बंदूक काढली तर खाली काहीच उरत नाही, यात माझा काय दोष?

हसून घरी आलो, मग पुन्हा डोकं तापलं. दिवाळी आठ दिवसांवर आली आणि हातात नाटक नाही.

२५ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी तालमीत विक्की ओरडत होता, की बंदूक नाही, वर्दी नाही, तर हा शत्रू आहे हे लोकांना कळणार कसं? तेवढ्यात केसरबाई आल्या. कपड्यांच्या खोलीत त्यांची पेटी होती, ती न्यायला. परवा सुनिल येणार होता. पेटी उचलली आणि जाता जाता थांबल्या. पेटी खाली ठेवली, स्टेजच्या मधोमध खुर्ची होती तिच्यावर जाऊन बसल्या. अंगावर रोजचंच सुती पातळ. सुरज समोर उभा होता. त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "पाणी आण."

आवाज चढवला नाही. आमच्या बोलीतही म्हणाल्या नाहीत. टीव्हीवरच्या बातम्यांसारखी स्वच्छ, इस्त्री केलेली मराठी. सुरज गेला आणि पाण्याचा पितळी गुंड भरून घेऊन आला. त्यांनी ते पाणी पाहिलं, सावकाश जमिनीवर ओतलं आणि रिकामा गुंड त्याच्या हातात परत दिला. "हे नको. दुसरं."

तो पुन्हा निघाला. आणि काय सांगू, माठ कुठे आहे ते दाखवायला विक्की उठला. त्याच्या वाटेत माझी खुर्ची होती, तर मी उठून ती बाजूला सरकवली. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सुरज दुसऱ्यांदा पाणी आणेपर्यंत आम्ही सगळेच उभे होतो.

मग त्या हसल्या आणि नेहमीच्या केसरबाई झाल्या. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "आपल्या इथी कोनी बी आला तं आधी पानी देतेत, मंग इचारतेत कुठचा म्हणून. तिथूनच घुसन तो. पह्यल्या दिशी आपन आपल्या हातानं देऊ. दुसऱ्या दिशी तो मागन. त्याले बंदूक कायले लागते?"

 विक्कीने पेटी उचलून परत खोलीत नेऊन ठेवली.

मी तीन आठवडे ही फौज कुठून आणावी म्हणून डोकं फोडत होतो. आभाळ पाहिलं, समुद्र पाहिला, नकाशा पाहिला. आणि वाट आमच्याच दारातून होती. ती मला सुचायला हवी होती. लेखक मी आहे. या बाईने ती दोन शब्दांत दाखवली, याचा मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. संताप आला. संतापातच लिहायला बसलो आहे.

३० ऑक्टोबर

नाटक लिहून झालं. अख्ख्या नाटकात एक गोळी नाही. परके येतात, गाव पाणी देतं, पडवीत जागा देतं. खातात आमचाच भात, रांधतात आमच्याच बायका, वाट दाखवतात आमचीच पोरं. शेवटी गावचा पाटील आपल्याच घरात शिरताना सेनापतीला विचारतो, आत येऊ का. लालसूला वाचून दाखवलं. तो या वेळी हसला नाही. सारखी मान डोलवत होता. कुठेही बोट ठेवायला जागा नाही. असा हल्ला त्या मोबाईलवाल्यांच्या बापालाही सुचणार नाही.

केसरबाईंनी सुनिलला तो यायच्या आधीच फोन करून सांगितलं, की पहिला प्रयोग होऊ दे, मग ठरवू.

फक्त शेवट अडला होता. बाई अशीच खुर्चीत बसून राहिली आणि पडदा पडला, हे बरं दिसेना. एवढी वर्षं लोकांनी या बाईला डोक्यावर घेतलं. म्हातारपणी त्यांचे शिव्याशाप घेऊन त्या घरी जाणार का? म्हणून मी शेवटचा प्रवेश लिहिला. सेनापतीचं लक्ष सुरजच्या खांद्यावर जातं. तिथे तीळ. तिला आठवतं, की लहानपणी मंडईत हरवलेला हाच आपला मुलगा, आणि त्याच्या शोधात भटकताना आपण परक्या मुलखात पोचलो. ती "बाळा!" म्हणून हंबरडा फोडते आणि फौज परत पाठवते.

विक्कीने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, काका, हे तर त्या गेमच्याही... मग पानं केसरबाईंकडे सरकवली. त्याला काय म्हणायचं होतं कोण जाणे. केसरबाईंनी ती पानं वाचून एवढंच विचारलं, हे पाह्यजेच का? मी म्हणालो, पाह्यजेच. त्या बरं म्हणाल्या.

११ नोव्हेंबर, सिंदेवाहीजवळ

काल पहिला प्रयोग झाला.

मंडईत तुफान गर्दी. पोरं स्फोटाच्या आशेने पुढे बसली होती. अर्ध्या तासात त्यांना कळलं की स्फोट नाही. मला वाटलं, आता उठतील. उठली नाहीत. केसरबाई खुर्चीत बसल्या तेव्हापासून मैदानात खोकलासुद्धा ऐकू येईना. मी पडद्याआडून वाक्यं देत होतो, पण त्यांना एकही लागलं नाही.

शेवटचा प्रवेश आला. सुरजने सदरा फाडला. भुवईच्या पेन्सिलीने काढलेला तीळ दिव्यात चमकत होता. तो दोन्ही हात पसरून उभा राहिला. केसरबाईंनी तिळाकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. विसरल्या असं समजून मी हळूच वाक्य दिलं: "बाळा, तू माझाच!" त्या गप्प. मी पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा तर इतक्या जोरात दिलं की पहिल्या रांगेतली माणसं माना वळवून पडद्याकडे पाहू लागली. त्यांनाही ऐकू गेलं होतं. म्हणजे त्या बाईला नक्कीच गेलं होतं.

त्या म्हणाल्या, "पाणी आण."

सुरजचे हात हळूहळू खाली आले. त्याने क्षणभर माझ्या दिशेने पाहिलं. मग सदरा सावरला आणि पाणी आणायला गेला. मी पत्रूला हाताने नको नको करत होतो, तरी त्याने पडदा ओढला.

टाळी नाही. शिट्टी नाही. बक्षीस द्यायला कोणी वर आलं नाही. लोकांनी बोऱ्या गुंडाळल्या आणि न बोलता निघून गेले. नाटक पडलं, असं मी समजलो. केसरबाईंशी एक शब्द बोललो नाही. माझ्या तोंडावर माझंच नाटक मोडलं त्यांनी, मी काय बोलणार?

आज सकाळी जे झालं ते आणखी वाईट. गावात गेलं की नटमंडळींची सोय घराघरात होते. केसरबाई, सुरज, लालसू आणि मी एका शेतकऱ्याच्या घरी होतो. रात्री उशिरा येऊन अंगणातच आडवे झालो, सकाळी तिथेच खाटांवर बसलो होतो. घरची सून रीना ट्रेमध्ये पाण्याचे गिलास घेऊन आली. मला दिलं, सुरजला दिलं, लालसूला दिलं. केसरबाईंनी हात पुढे केला होता. ती त्यांच्या समोरून ट्रे घेऊन तशीच आत गेली. केसरबाईंचा हात तसाच राहिला.

माझ्या आजोबाला गावच्या विहिरीवर ओंजळ धरून उभं राहावं लागायचं. वरून कोणी ओतलं तर पाणी, नाहीतर ऊन. बाप हे सांगताना रडायचा नाही, दात खायचा. आणि आज माझ्या डोळ्यांसमोर आमच्या बाईचा हात रिकामा. मी उठलो, आणि जे तोंडात आलं ते बोललो. त्या सुनेची जात काढली, आमची काढली, संविधान काढलं. शेजारपाजारचे कुंपणाशी जमले. ती बाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली:

"भाऊ, आत या अन् भिंतीवर कोनाचा फोटो आहे ते पाहा आधी. आमी बी जयभीमवालेच आहो. या बाईनं काल आमच्या माणसाइले पाणक्यावानी राबवलं. मी नाई देत तिले पानी."

दारातूनच दिसत होतं. बाबासाहेबांचा फोटो, बाजूला बुद्ध, ताजी फुलं.

 पण आता केसरबाईंचं काय? लोक पाहत होते. मी रीनाला समजावलं. म्हणालो, बाई, ते नाटक होतं. ते शब्द माझे, यांचे नव्हेत. या तर जन्मभर आईचं काम करत आल्या, तुमच्या सासूला विचारा, यांच्यासाठी किती रडली असेल. यांच्याइतकी मायाळू बाई झाडीत सापडायची नाही. हळूहळू तिचा चेहरा पालटला. डोळे भरले. आत जाऊन तिने तांब्याभर पाणी आणलं, दोन्ही हातांनी केसरबाईंपुढे धरलं आणि वाकून पाया पडली. केसरबाईंनी पाणी घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईच्या आवाजात सुखी राहा म्हणाल्या. पदर डोळ्यांना लावला. एक सूर चुकला नाही. मला हायसं वाटलं.

गाडीत त्या लालसूजवळ पुढे बसल्या. सिंदेवाहीच्या स्टँडवर चहाला थांबलो तेव्हा मला बाजूला बोलावलं.

"काल पह्यल्यांदा कोन्या बाईनं माहं खरं मानलं होतं, मुखरूभाऊ. सकाळी तिनं मले पानी नाई देल्लं, तेच माहं बक्षीस होतं. तुमी उठून तिले समजावून आले. दोन मिनिटात मले पुन्हा माय करून टाकलं."

मी म्हणालो, तुमच्या मानासाठीच केलं ना?

"मी मांगतला होता का?"

एवढं बोलून चहाचा कप तसाच ठेवून गाडीत जाऊन बसल्या.

१५ नोव्हेंबर, वडसा

नाटक पडलेलं नाही. चार गावांनी याच नाटकासाठी निरोप पाठवले आहेत, आणि ते निरोप आणणारी पोरंच आहेत. एका गावाने विचारलं, ती पाणी मागणारी बाई हीच येणार ना?

केसरबाईंनी सुनिलला येत नाही म्हणून कळवलं. तो पुष्कळ बोलला म्हणे, यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. हंगामभर राहणार. म्हणजे मला पाहिजे होतं तेच झालं. पण विक्कीला त्यांनी एक अट घातली. प्रयोगाला मुखरूभाऊ पडद्याआड नकोत. वाक्यं पत्रू देईल.

विक्कीने हे मला सांगितलं तेव्हा तो मोबाईलकडे पाहत होता. गेम चालू नव्हता. मी चिडलो नाही, असं त्याला वाटलं असेल. मी सगळ्यांवर चिडलो आहे. विक्कीवर, सुरजवर, त्या रीनावर, पहिल्या रांगेत माना वळवून बसलेल्यांवर. आणि सगळ्यांत जास्त त्या बाईवर, जिच्यासाठी मी हे सगळं केलं आणि जिने मला एकदाही सांगितलं नव्हतं, की करा म्हणून.

गाडी आज दुपारी निघाली. केसरबाई लालसूजवळ पुढे बसल्या होत्या, समोरच्या रस्त्याकडे पाहत. मी खिडकीतून नाटकाची प्रत पत्रूच्या हातात दिली. शेवटची पानं त्यातून फाडून काढली होती. रागानेच फाडली. रात्री तो पडद्याआड उभा राहील तेव्हा "बाळा" हा शब्द त्याच्या हातात नसेल. कोणी कितीही वेळ हात पसरून उभं राहिलं, तरी तो शब्द केसरबाईंना कोणी पुरवणार नाही.